वरच्या मजल्यावरची गळती आणि खालच्या घराचा हक्क

बहुमजली इमारतीत एका सदनिकेची जमीन आणि तिच्याखालच्या सदनिकेचे छत हे एकाच काँक्रीटच्या स्लॅबचे दोन पृष्ठभाग असतात. त्यामुळे वरच्या न्हाणीघरात मुरलेल्या पाण्याचे नुकसान खालच्या घराला सोसावे लागते, ते थांबवण्याची दुरुस्ती मात्र बहुतेक वेळा वरच्या घरात शिरूनच करावी लागते. मुंबई, ठाणे किंवा पुण्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये गळतीची तक्रार इतक्या चटकन वैरात का बदलते, याचे उत्तर या रचनेतच आहे, कारण ज्याला त्रास होतो त्याच्या हाती उपाय नसतो आणि ज्याच्या हाती उपाय असतो त्याला त्रास जाणवत नाही. अशा प्रसंगी दोन शेजाऱ्यांना एकमेकांच्या दारात उभे करून संस्थेने बाजूला होणे हे अन्यायाचे आहे आणि इमारतीच्या दृष्टीने धोक्याचेही आहे.

गळतीचे स्वरूप समजण्यासाठी न्हाणीघराची बांधणी ध्यानात घ्यावी लागते. अनेक इमारतींत न्हाणीघर व शौचालयाखालचा स्लॅब आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेला असतो. त्याला बांधकामाच्या व्यवहारात ‘संक स्लॅब’ म्हणतात. या खळग्यात सांडपाण्याचे पाइप आणि नहाणी ट्रॅप, म्हणजे थोडे पाणी अडवून दुर्गंधी वर येऊ न देणारा वाडग्यासारखा भाग, बसवला जातो. जलरोधक थर देऊन उरलेली जागा विटांचे तुकडे व सिमेंट यांच्या कोब्याने भरली जाते आणि वर टाइल्स येतात. टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंट झिजले, ट्रॅपभोवतीचा सांधा सुटला किंवा भिंतीत गाडलेला पाइप गंजला, की पाणी प्रथम या भरावात साठते आणि मग वाट मिळेल तिथून खाली उतरते. म्हणूनच खालच्या छतावरचा डाग बिघाडाच्या नेमका खाली असेलच असे नाही, आणि वरचा नळ बंद केल्यावरही कित्येक दिवस ठिबक चालू राहू शकते. ‘आमच्याकडे तर सगळे कोरडे आहे’ हे वरच्या रहिवाशाचे म्हणणे अनेकदा प्रामाणिक असते, कारण त्याच्या टाइल्सच्या वर खरोखरच काही दिसत नाही.

खालच्या घरात मात्र ओलीची प्रगती टप्प्याटप्प्याने वाचता येते. आधी छतावर पिवळसर कड असलेला डाग उमटतो, मग रंगाला फुगे येऊन पोपडे सुटतात, आणि पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागावर वाळून पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, धरते. डागाला तांबूस तपकिरी छटा आली तर ते स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या गंजू लागल्याचे लक्षण असू शकते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे तो काँक्रीटला आतून फोडतो आणि छताचे तुकडे सुटून पडतात. छतातील दिव्याच्या किंवा पंख्याच्या जोडणीपर्यंत ओल पोचली असेल, तर त्या भागाचा वीजपुरवठा बंद करून इलेक्ट्रिशियनकडून तपासणी करून घेणे हे पहिले काम ठरते. हा प्रश्न केवळ रंगरंगोटीचा नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

दोष कोणाचा हे ठरवण्याआधी दोष कुठे आहे हे शोधले पाहिजे, आणि पाणी गळण्याची वेळ त्याबाबत बरेच सांगून जाते. ठिबक रात्रंदिवस सारखीच असेल तर दाबाखालच्या नळवाहिनीवर संशय घ्यावा. ती आंघोळीनंतर किंवा कपडे धुतल्यानंतर वाढत असेल तर सांडपाण्याचा मार्ग वा टाइल्सचे सांधे तपासावेत. आणि ती फक्त पावसाळ्यात दिसत असेल तर बाहेरच्या भिंतीतील भेगा, गच्ची किंवा खिडकीच्या कडा यांकडे पाहावे. नहाणीचे तोंड बंद करून न्हाणीघरात पाणी साठवून ठेवणे आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास खालच्या छताचे निरीक्षण करणे, ही सोपी व विश्वासार्ह चाचणी आहे. पाण्यात रंग मिसळल्यास त्याचा माग अधिक स्पष्ट होतो. ही चाचणी दोन्ही रहिवाशांच्या आणि समितीच्या प्रतिनिधीच्या समक्ष, संस्थेने नेमलेल्या जाणकाराकडून झाली, तर तिच्या निष्कर्षावर पक्षपाताचा आरोप करणे कठीण जाते.

खर्चाची विभागणी महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये दिलेली आहे. उपविधी म्हणजे संस्थेच्या कारभाराचे नोंदणीकृत नियम. पावसाच्या पाण्याची गळती, तसेच बाहेरच्या सामाईक नळवाहिनीची व मलवाहिनीची गळती यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करावयाची असते, तर शौचालय, सिंक इत्यादींमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाकडे येतो. पूर्वसूचना देऊन सदनिकेत प्रवेश करण्याची, तिची पाहणी करून आवश्यक दुरुस्ती सुचवण्याची आणि सदस्याने ती न केल्यास नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करून खर्च त्याच्याकडून वसूल करण्याची तरतूदही या उपविधींत आहे. त्यामुळे ‘तुमचे तुम्ही मिटवा’ असे समिती सांगते, तेव्हा ती तटस्थ राहत नाही, आपले कर्तव्य टाळते.

वरचा शेजारी दारच उघडत नसेल किंवा अर्वाच्य बोलत असेल, तर तोंडी वाद थांबवून सगळा व्यवहार कागदावर आणावा. सेक्रेटरीच्या नावे लेखी अर्ज देऊन पोचपावती घ्यावी, डागांची तारखेसह छायाचित्रे ठेवावीत, प्लंबरचा किंवा अभियंत्याचा अहवाल जोडावा आणि झालेल्या खर्चाच्या पावत्या जपाव्यात. संतापाच्या भरात देखभाल शुल्क थांबवणे टाळावे, कारण त्यामुळे तक्रारदारच थकबाकीदार ठरतो. वरच्या घराचे पाणी परस्पर बंद करणे तर मुळीच योग्य नाही, कारण त्यातून न्याय्य तक्रारीचे बळ जाते. धमकी दिली गेली तर मात्र तो विषय गळतीपासून वेगळा मानावा. भारतीय न्याय संहिता, 2023 नुसार फौजदारी स्वरूपाचा धाकदपटशा हा गुन्हा आहे आणि त्याची लेखी तक्रार पोलीस ठाण्यात देता येते.

समितीने दाद दिली नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाच्या कार्यालयाकडे अर्ज करता येतो, आणि ते कार्यालय संस्थेला तिची कर्तव्ये पार पाडण्याचे निर्देश देऊ शकते. संस्था आणि सदस्य यांच्यातील संस्थेच्या कामकाजाशी निगडित वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातात. वादाचे स्वरूप पाहून दिवाणी न्यायालयाकडे नुकसानभरपाई किंवा दुरुस्ती करण्यास भाग पाडणारा आदेशही मागता येतो. कोणता मार्ग लागू पडतो हे वकिलाच्या सल्ल्याने ठरवावे. स्थावर संपदा कायदा, 2016 लागू असलेल्या नव्या इमारतींत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या दर्जाचा दोष निदर्शनास आणल्यास तो विनामूल्य दूर करण्याची जबाबदारी विकासकावर असते. अशा वेळी दोन्ही शेजाऱ्यांनी एकत्र येऊन दाद मागणे अधिक हिताचे ठरते.

वरच्या रहिवाशाच्या ताठरपणामागेही बहुधा काही कारणे असतात. टाइल्स फोडल्यावर तशाच टाइल्स पुन्हा मिळतील का, काम चालू असताना घरातली वृद्ध माणसे न्हाणीघराविना कशी राहतील, आणि एवढा खर्च करूनही गळती थांबली नाही तर काय, या शंका खऱ्या असतात. समितीने कामाची लेखी व्याप्ती, मुदत आणि हमी आधीच ठरवून दिली, तेवढ्या दिवसांची पर्यायी सोय पाहिली आणि सांधे नव्याने भरण्यासारखा कमी तोडफोडीचा उपाय पुरेसा आहे का हे आधी अजमावले, तर विरोध पुष्कळदा मावळतो.

स्लॅबमध्ये मुरणारे पाणी दोन शेजाऱ्यांचे भांडण मिटण्याची वाट पाहत नाही आणि त्याने पोखरलेल्या सळ्या साऱ्या इमारतीच्या असतात. म्हणून प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने गळतीची तक्रार येताच पाहणी, चाचणी आणि लेखी निर्णय यांची मुदत ठरवून घ्यावी आणि पुढचा पावसाळा येण्याआधी ती पाळून दाखवावी.