आकडा कशाचा, ते आधी सांगा

वाण्याच्या दुकानात एखाद्या चिटोऱ्यावर नुसतं '४५०' लिहिलेलं सापडलं, तर आपण काय समजायचं? रुपये, ग्रॅम की उधारीच्या वहीचं पान? आकडा स्वच्छ वाचता येतो, पण तो कशाचा हे कळत नाही. संगणकाच्या अगदी आतल्या कप्प्यात डोकावणाऱ्या इंजिनिअरांपुढेही हाच प्रश्न उभा असतो.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. फाइल उघडणं, मेमरी वाटून देणं, नेटवर्कवरून आलेली माहिती स्वीकारणं ही कामं तो करतो. लिनक्स हा असाच एक कर्नल. अँड्रॉइड फोनमध्ये तो असतो आणि जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांवरही २०१७ पासून तोच चालतो. समजा, बँकेचा सर्व्हर मध्येच अडखळू लागला. तो बंद करून तपासावा, तर ग्राहक खोळंबतात आणि बंद करताच दोषही दिसेनासा होतो. तपासणी चालत्या यंत्रावरच करावी लागते.

त्यासाठी लिनक्समध्ये २००४ साली 'केप्रोब' ही सोय आली. कर्नलमधल्या हव्या त्या सूचनेपाशी खूण ठेवायची. काम तिथवर आलं की त्या क्षणी प्रोसेसरच्या रजिस्टरांत काय होतं याची नोंद होते आणि काम पुढे चालू लागतं. सुरुवातीला यासाठी सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहावा लागे. २०१० मध्ये आलेल्या २.६.३३ या आवृत्तीपासून एका खास फाइलमध्ये एक ओळ लिहिली की भागू लागलं.

पण नोंदलेल्या बाइटांवर नावाची पाटी नसते. ८०, ८५, ७८, ६९ हे चार बाइट घ्या. अक्षरं म्हणून वाचले, तर रोमन लिपीतलं 'पुणे' हे नाव मिळतं. आपल्या नेहमीच्या संगणकावर तेच एक पूर्णांक म्हणून वाचले, तर १,१६,२७,६१,५५२! दुसरं उदाहरण याहून महागात पडणारं. फाइल उघडणाऱ्या फंक्शनने 'उणे दोन' असं उत्तर दिलं, तर लिनक्समध्ये त्याचा अर्थ 'अशी फाइलच नाही'. हेच उत्तर चार बाइटांची बिनचिन्ह संख्या म्हणून छापलं, तर दिसतं ४,२९,४९,६७,२९४. तपासणारा भलत्याच वाटेला लागतो. म्हणून त्या ओळीत मूल्यापुढे कोलन देऊन प्रकार लिहितात. 'यू३२' म्हणजे ३२ बिटांची बिनचिन्ह संख्या, 'एस३२' म्हणजे चिन्हासहित, 'स्ट्रिंग' म्हणजे मजकूर.

खरी गुंतागुंत पुढेच आहे. कर्नलमधली माहिती बहुधा 'स्ट्रक्चर'मध्ये, म्हणजे रकाने आखलेल्या तक्त्यात असते. रजिस्टरमध्ये मिळतो तो फक्त तक्त्याचा पत्ता. मग 'इथून १६ बाइट पुढे जा आणि वाच' असं मोजून सांगावं लागे. कर्नलच्या पुढच्या आवृत्तीत कुणी मध्ये एक रकाना वाढवला, की तीच ओळ भलताच रकाना वाचते, आणि तेही विनातक्रार. चुकीच्या पत्त्यावर गेल्यास कर्नल कोसळू नये, याची काळजी घेतलेली असते. चुकीच्या अर्थापासून मात्र ती वाचवत नाही.

यावर उपाय म्हणजे रकान्याचं नाव घेऊन विचारणं. सोलॅरिस १० बरोबर २००५ मध्ये आलेल्या डीट्रेसने सी भाषेचीच रीत उचलली. आधी कंसात प्रकाराचं नाव, त्यापुढे पत्ता. यालाच टाइप कास्टिंग म्हणतात. 'हा पत्ता अमुक तक्त्याचा समज' अशी ती आज्ञा. सिस्टिमटॅपने 'कास्ट' हा शब्दच वापरला आणि प्रकाराचं नाव अवतरणात घेतलं. लिनक्समध्ये २०१९ पासून कर्नल आपल्या सगळ्या तक्त्यांची सूची, म्हणजे 'बीटीएफ', स्वतःबरोबर बाळगू शकतो. २०२३ मधल्या ६.६ आवृत्तीपासून प्रोबच्या ओळीत बाणाची खूण देऊन रकान्याचं नाव लिहिता येतं. मात्र सी भाषेत 'व्हॉइड' म्हणून जाहीर केलेले पत्तेही असतात. ते कशाचे, हे मुद्दामच मोकळं ठेवलेलं असतं. तिथे सूची मुकी होते. ज्याला ठाऊक आहे, त्यानेच सांगायला हवं.

पण सांगायचं कोणत्या खुणेने? सीमधला कंस जसाच्या तसा घ्यावा, तर या ओळीत कंसाला आधीच 'या पत्त्यावर जाऊन वाच' असा अर्थ आहे. कोलन खर्ची पडला आहे. ओळीतले भाग मोकळ्या जागेने वेगळे होतात, त्यामुळे दोन शब्दांचं नाव मध्येच तुटतं. ज्या शेलमधून ओळ टाइप करतात, तोही कंस आणि बाणाच्या टोकाचा आपलाच अर्थ लावतो. शिवाय ही ओळ खुद्द कर्नल वाचतो, म्हणून नियम मोजकेच हवेत. त्यात लिनक्सचा दंडक असा, की चालत असलेले प्रोग्रॅम नव्या कर्नलमुळे मोडता कामा नयेत. आज स्वीकारलेली खूण उद्या मागे घेणं जवळजवळ अशक्य.

म्हणून चार अक्षरं वाचवण्यापेक्षा दोन गोष्टी बघाव्यात. सूचीत नसलेलं नाव आलं, तर ओळ तिथेच नाकारली जावी, खोटा आकडा हाती पडू नये. आणि नाव बरोबर असूनही तक्ताच चुकीचा निवडला असेल, तर तो अंदाज ओळीत उघड दिसावा, म्हणजे दुसरा कुणी वाचून चूक दाखवू शकेल. '४५०'च्या पुढे 'ग्रॅम' लिहिलेलं असलं, तरच 'अहो, हे रुपये आहेत' असं म्हणता येतं.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)