पॉइंटांचे मोल आणि रोखीचा भार : विमानप्रवासातील ‘अपग्रेड’ व अनपेक्षित शुल्कांचे स्वरूप

सारांश

विमान कंपन्यांच्या नियमित प्रवासी योजनांमध्ये साठलेले पॉइंट वापरून वरच्या वर्गातील आसन मिळवता येते. मात्र हे आसन विनामूल्य मिळेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्या प्रवाशास ऐनवेळी कर, अधिभार व शुल्क यांपोटी रोख रक्कम भरावी लागते. प्रस्तुत लेखात या रकमेचे घटक कोणते, ती वर्ग बदलताच का वाढते आणि ग्राहकाने कोणती दक्षता घ्यावी, यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : नियमित प्रवासी योजना, अपग्रेड, अधिभार, वस्तू व सेवा कर, ग्राहक संरक्षण.

१. प्रस्तावना

पुणतांबा हे गोदावरीकाठचे गाव चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानकामुळे परिचित आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी येथे शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि विमानप्रवास या परिसराच्या दाराशी येऊन ठेपला. शिक्षण व नोकरीनिमित्त परदेशी गेलेली मुले आणि त्यांना भेटावयास जाणारे आईवडील हे चित्रही आता आपल्या भागात नवे राहिलेले नाही.

परिचयातील एका निवृत्त शिक्षक दांपत्याचा अनुभव या लेखास निमित्त ठरला. मुलगा लंडनला असतो. आईच्या गुडघ्यांचे दुखणे जुने. परतीच्या सुमारे नऊ तासांच्या प्रवासात तिला पाय लांब करता यावेत म्हणून मुलाने अनेक वर्षे जमवलेले पॉइंट खर्च करून दोघांची आसने बिझनेस वर्गात बदलण्याचे ठरवले. पॉइंट पुरेसे होते, आसनेही रिकामी होती. तथापि, शेवटच्या टप्प्यावर जी रोख रक्कम दिसली ती त्याच्या हिशेबात कोठेच नव्हती. वडिलांनी “एवढे कशाला?” म्हणून विषय संपवला आणि आईने तो प्रवास साध्या वर्गातच केला. या घटनेत कोणी फसवले असे म्हणता येणार नाही. परंतु कोणी वेळीच सांगितले असेही म्हणता येत नाही. या दोहोंमधील अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

२. पॉइंट म्हणजे पैसा नव्हे

अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी सुरू केलेली योजना ही आजच्या नियमित प्रवासी योजनांची जननी मानली जाते. प्रवाशाने पुन्हा आपल्याच कंपनीकडे यावे, हा तिचा हेतू होता. भारतात एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ ही योजना दीर्घकाळ परिचित होती. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा कंपनीचे एअर इंडियात विलीनीकरण झाले, तिच्या सभासदांचे पॉइंटही एअर इंडियाच्या योजनेत वर्ग झाले आणि आज ही योजना ‘महाराजा क्लब’ या नावाने चालते.

पॉइंट हे चलन नाही, ती कंपनीने स्वतःच्या अटींवर दिलेली सवलत आहे. तिचे मूल्य कंपनी ठरवते व बदलतेही. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ पासून थांबली, तेव्हा तिच्या विमानात वरचा वर्ग मिळवण्यासाठी पॉइंट राखून ठेवलेल्यांचा तो उद्देश एका दिवसात संपुष्टात आला. बँकेतील ठेव आणि पॉइंटांची शिल्लक यांतील हा मूलभूत भेद होय.

यातूनच पुढचा मुद्दा निष्पन्न होतो. कंपनी सवलत देऊ शकते ती केवळ स्वतःच्या उत्पन्नावर. सरकारचा कर आणि विमानतळाचे शुल्क कंपनी केवळ गोळा करते, ते माफ करण्याचा अधिकार तिला नाही. बाजार समितीत कांदा विकणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही. पुकारलेला भाव आणि हमाली, तोलाई वजा जाऊन पट्टीवर उरलेली रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो जाणतो. विमानाच्या तिकिटाचीही अशीच पट्टी असते. फरक एवढाच, की प्रवासी ती क्वचितच वाचतो.

३. अतिरिक्त रकमेचे घटक

अपग्रेडच्या वेळी मागितल्या जाणाऱ्या रकमेचे पुढीलप्रमाणे वर्गीकरण करता येईल.

(अ) मूळ तिकिटाची पात्रता : साध्या वर्गातील सर्व तिकिटे एकसारखी नसतात. शेजारशेजारच्या दोन आसनांची तिकिटे वेगवेगळ्या भाडेगटांतील असू शकतात आणि सर्वांत स्वस्त गटांतील तिकिटे बहुधा अपग्रेडसाठी पात्र नसतात. अशा वेळी प्रथम महाग गटातील तिकीट घ्यावे लागते. दुसऱ्या कंपनीच्या विमानात पॉइंट वापरायचे असल्यास ही अट अधिक कडक होते. एअर इंडिया ११ जुलै २०१४ रोजी ‘स्टार अलायन्स’ या कंपनीसमूहात सामील झाली. अशा समूहातील अपग्रेडसाठी सामान्यतः वरच्या भाडेगटातील तिकीट आवश्यक असते.

(आ) कंपनीचा अधिभार : तिकिटावर ‘वायक्यू’ किंवा ‘वायआर’ या संकेताक्षरांनी दाखवलेली रक्कम कराच्या रकान्याजवळ छापलेली असते, म्हणून ती सरकारी कर आहे असा समज होतो. वस्तुतः ती कंपनीने स्वतः लावलेली, बहुधा इंधनाच्या नावाने घेतली जाणारी रक्कम आहे. अनेक योजनांत पॉइंटांनी केवळ मूळ भाडे भागते, हा अधिभार भागत नाही. तो वर्गानुसार वेगळा असल्यास अपग्रेड करताना त्यातील फरक रोख द्यावा लागतो. काही कंपन्या तर पॉइंटांच्या जोडीला ठरावीक रोख हिस्साही मागतात.

(इ) वस्तू व सेवा कर : भारतातून निघणाऱ्या प्रवासासाठी साध्या वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के कर आहे. इतर वर्गांवर तो १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे. दोन वर्गांच्या दरांतील हे अंतर त्या दिवशी ७ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेले. वर्ग बदलताना कर नव्याने आकारला जातो तेव्हा याचा भार प्रवाशास जाणवतो.

(ई) परदेशातील प्रस्थान कर : ब्रिटनमध्ये १९९४ पासून विमान प्रवासी शुल्क आकारले जाते. त्याचा दर अंतर व वर्ग या दोहोंवर ठरतो. २०२५-२६ या वर्षात भारताचा समावेश असलेल्या अंतरगटासाठी सर्वांत खालच्या वर्गास ९० पौंड, तर त्यावरील वर्गांस २१६ पौंड असा दर होता. म्हणजे लंडनहून मुंबईस येणाऱ्या दोन प्रवाशांनी अपग्रेड घेतल्यास केवळ या एका करातील फरक २५२ पौंड होतो. आसन पॉइंटांनी मिळाले की पैशांनी, हे ब्रिटनचे सरकार विचारत नाही. प्रवासी कोणत्या वर्गात बसला एवढेच पाहते. उपरोक्त दांपत्याच्या हिशेबातील सर्वांत मोठा धक्का हाच होता.

(उ) विमानतळाचे शुल्क : सुरक्षा शुल्क वर्गानुसार बदलत नाही आणि ते मूळ तिकिटातच भरलेले असते. मात्र मुंबई व दिल्ली विमानतळांवर आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठीचे वापरकर्ता विकास शुल्क २०२५ पासून वर्गानुसार वेगळे आहे. रक्कम लहान असली तरी ती बेरजेत येते.

(ऊ) बदल व रद्दीकरण शुल्क : प्रवास रद्द झाल्यास पॉइंट परत मिळवण्यासाठीही अनेक कंपन्या शुल्क घेतात किंवा पॉइंटांत कपात करतात.

४. रेल्वेशी तुलना

‘अपग्रेड’ हा शब्द ऐकताच प्रवाशाच्या मनात ‘फुकट’ हा अर्थ का उमटतो, याचे एक कारण आपल्या रेल्वेच्या अनुभवात सापडते. भारतीय रेल्वेने २००६ मध्ये स्वयंचलित अपग्रेड योजना सुरू केली. वरच्या वर्गात जागा रिकामी राहिल्यास पूर्ण भाडे भरलेल्या प्रवाशास ती कोणतीही जादा रक्कम न घेता दिली जाते. तिकीट रद्द केल्यास कपातदेखील मूळ वर्गाच्या दरानेच होते. येथे अपग्रेड ही देणगी आहे. पॉइंटांचे अपग्रेड मात्र खरेदी आहे. तिचा काही भाग पॉइंटांत व काही भाग रोखीत फेडावयाचा असतो. शब्द एकच असल्याने हा भेद झाकला जातो.

५. कायद्याचे संरक्षण व त्याची मर्यादा

प्रवाशास त्याच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवल्यास किती परतावा द्यावा, हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२३ पासून ठरवून दिले आहे. देशांतर्गत प्रवासात तो करांसह तिकिटाच्या ७५ टक्के, तर आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५ टक्के आहे. प्रवासी स्वेच्छेने वर जातो तेव्हा मात्र व्यवहार प्रामुख्याने योजनेच्या अटींवर चालतो.

तथापि ग्राहक अगदीच निराधार नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांतील १३ प्रकारांत किमतीचे घटक सुरुवातीस न दाखवता टप्प्याटप्प्याने उघड करणे, हा एक प्रकार आहे. कर आकारणे हा दोष नव्हे; तो खरेदीच्या अखेरच्या क्षणापर्यंत न दाखवणे हा दोष ठरू शकतो. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक, ‘एअरसेवा’ ही शासकीय व्यवस्था आणि जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग उपलब्ध आहेत.

६. अध्यापकांसाठी काही सूचना

परिषदांच्या निमित्ताने विमानप्रवास करणाऱ्या अध्यापकांनी पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात.

१) तिकीट काढण्यापूर्वीच ते अपग्रेडसाठी पात्र आहे काय, हे विचारावे, नंतर विचारून उपयोग होत नाही.
२) पॉइंट किती लागतील यासोबत रोख किती लागेल, हा प्रश्न आवर्जून करावा व उत्तर लेखी घ्यावे.
३) जाण्याचा व परतीचा हिशेब स्वतंत्र मांडावा. ब्रिटनसारख्या देशांतून निघताना लागणारा कर मोठा असेल, तर पॉइंट जातानाच्या प्रवासासाठी वापरणे अधिक हिताचे ठरू शकते. अर्थात, त्या वेळी भारतातील कराचा फरक हिशेबात धरावा.
४) शासकीय खर्चाच्या प्रवासातील पॉइंटांबाबत नियम पाहावेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांनी असे पॉइंट खासगी प्रवासासाठी वापरल्यास विभागीय कारवाई होऊ शकते, असे वित्त मंत्रालयाच्या १३ जुलै २०१७ च्या आदेशात स्पष्ट केले आहे.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल, की पॉइंटांचे अपग्रेड हे सवलतीचे असले तरी विनामूल्य नसते. आणि वर्ग वाढला की करांचा बोजाही वाढतो. त्यातील बराच भाग न्याय्य आहे. अन्याय होतो तो माहिती उशिरा दिल्यामुळे. जून २०१७ मध्ये पुणतांब्यातून सुरू झालेल्या शेतकरी संपाने मालाला रास्त भाव मिळावा, ही मागणी देशासमोर मांडली होती. ग्राहकाची मागणी त्याहून साधी आहे : भाव कोणताही असो, तो आधी व पूर्ण सांगावा. तो आधी कळला असता, तर त्या मुलाने पॉइंट जातानाच्या प्रवासासाठी वापरले असते किंवा एकट्या आईसाठी एकच आसन बदलून घेतले असते. त्या नऊ तासांत तिचे गुडघे दुखले, त्यास कर नव्हे, हे न कळणे कारणीभूत होते.