विकत घेतलेल्या डेटावर हक्क कुणाचा?

शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाईन, महाविद्यालयाचा प्रवेश ऑनलाईन, स्पर्धा परीक्षेचे प्रवेशपत्रही ऑनलाईन! सगळा कारभार संगणकाच्या पडद्यावर गेला. पण आमच्या वस्त्यांतल्या किती घरांत इंटरनेटची तार पोहोचली? घरात असतो तो एक मोबाईल आणि त्यावर मारलेला रिचार्ज. म्हणूनच मोबाईलचा डेटा लॅपटॉपला जोडणे ही आमच्या विद्यार्थ्यांची चैन नाही, गरज आहे.

कुणी म्हणेल, मोबाईलवरच भागवा की! आम्ही त्यांना विचारतो, चाळीस पानांचा प्रकल्प अहवाल तुम्ही अंगठ्याने टाईप कराल काय? मोबाईल हे मुख्यतः पाहण्याचे यंत्र आहे, लॅपटॉप हे लिहिण्याचे. जो समाज फक्त पाहत राहतो, त्याच्याविषयी दुसरेच लिहीत बसतात.

ही सोय सहज मिळालेली नाही. जीपीआरएसच्या काळात फोन केबलने किंवा ब्लूटूथने संगणकाला जोडून विशिष्ट क्रमांक फिरवावा लागे. २०१० साली अँड्रॉईडमध्ये आणि २०११ साली आयफोनमध्ये हॉटस्पॉटची सोय आली. फोनच छोटा वायफाय झाला. पण कंपन्यांच्या पोटात दुखू लागले. अमेरिकेत व्हेरिझॉन कंपनी ग्राहकाने आधीच पैसे मोजलेला डेटा लॅपटॉपवर वापरण्यासाठी वेगळा मासिक आकार घेत होती. तो आकार न भरता जोडणी करून देणारी अ‍ॅप्स ग्राहकांना मिळू नयेत, असा प्रयत्न झाला. फ्री प्रेस या संघटनेने २०११ साली तक्रार केली. कंपनीने घेतलेल्या लहरींच्या परवान्यातच ग्राहकाला हवे ते उपकरण आणि हवे ते अ‍ॅप वापरू देण्याची अट होती. जुलै २०१२ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगापुढे कंपनीने साडेबारा लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले आणि ठरावीक डेटाच्या प्लॅनवरील ग्राहकांना ती अ‍ॅप्स जादा आकाराशिवाय मोकळी झाली.

यातून आम्ही काय शिकायचे? पाणी विकत घेतल्यावर ते तांब्यात प्यावे की घागरीत भरावे, हे विकणाऱ्याने सांगायचे नसते. आपल्या देशात फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून डेटाचे वेगळे दर लावण्यास बंदी घातली. तो नियम मजकुरापुरता होता. पण त्यामागचे तत्त्व साधे आहे. डेटा तो डेटा, त्यात भेदभाव नको. तेव्हा रिचार्ज करण्यापूर्वी प्लॅनच्या बारीक अक्षरांतल्या अटी वाचा. हॉटस्पॉटवर बंधन किंवा जादा आकार दिसला, तर कंपनीकडे तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. गप्प बसू नका.

हक्काबरोबर शहाणपणही हवे. लॅपटॉप जोडला की तो मागच्या मागे स्वतःचे अपडेट उतरवू लागतो आणि दिवसाचा डेटा तासाभरात फस्त होतो. मग वेग अनेकदा ६४ केबीपीएसवर येतो. दोन एमबीची फाईल चढवायला चार मिनिटांवर वेळ लागतो आणि अर्जाची मुदत निघून जाते. म्हणून विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये ती जोडणी ‘मीटर्ड’ करून ठेवा. केबलने जोडले तर फोन चार्जही होतो. हॉटस्पॉटला भक्कम पासवर्ड ठेवा; त्यावरून कुणी गैरप्रकार केला, तर चौकशी सिमकार्ड ज्याच्या नावावर, त्याच्याच दारात येते.

आणि शेवटी एक लक्षात ठेवले पाहिजे. हॉटस्पॉट ही अडचणीतली वाट आहे, राजमार्ग नव्हे. वसतिगृहात आणि वस्तीतल्या अभ्यासिकेत पक्की इंटरनेट जोडणी देणे ही शासनाची जबाबदारी आहे. ती विद्यार्थ्याच्या दीड जीबीवर ढकलून चालणार नाही. ती मिळेपर्यंत हातातला मोबाईल लॅपटॉपला जोडा आणि लिहा. पहिला अर्ज याच मागणीचा लिहा!