तळ्याकाठचा राजवाडा आणि कवितेतला जिना

रायपूर शहरात १८७५ साली उभारलेली एक अष्टकोनी वास्तू आहे. छत्तीसगढचे पहिले वस्तुसंग्रहालय ते हेच. त्यासाठी धन दिले नांदगाव संस्थानचे महंत राजा घासीदास यांनी. पुढे १९५३ मध्ये त्याच घराण्यातील राणी ज्योती आणि त्यांचे पुत्र दिग्विजयदास यांच्या साहाय्याने संग्रहालयाला नवी इमारत मिळाली आणि जुन्या अष्टकोनात कलादालन आले. रायपुरात या घराण्याने सार्वजनिक वास्तू बांधली; पण त्याचे स्वतःचे घर पश्चिमेला सुमारे सत्तर किलोमीटरवर, राजनांदगाव येथे, राणीसागर आणि बूढ़ासागर या दोन तळ्यांना लागून होते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या घराचे महत्त्व वाटते ते एका भाडेकरूसारख्या रहिवाशामुळे.

या घराण्याचा मूळ पुरुष प्रह्लाददास हा पंजाबातून आलेला शालींचा व्यापारी. अठराव्या शतकात, नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, तो रतनपूरला स्थायिक झाला. पंथ बैरागी, ब्रह्मचर्याचा. म्हणून गादी मुलाकडे न जाता चेल्याकडे जाई. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६२ मध्ये रायपूर हे छत्तीसगढ विभागाचे मुख्य ठाणे ठरले आणि १८६५ मध्ये घासीदासांना इंग्रजांनी मांडलिक राजा म्हणून मान्यता दिली. त्यांच्यानंतर गादीवर बसले ते पुत्र बलरामदास. मठाचे असे घराणे झाले. मठाला अंतःपुर लागत नाही, घराण्याला लागते. तटबंदी, प्रवेशद्वार, वरचे मजले आणि अरुंद चक्री जिने असलेली ही वास्तू मला या स्थित्यंतराचाच दगडविटांतील दस्तऐवज वाटते. लोक तिला आजही ‘किला’ म्हणतात.

याच काळात इंग्लंडमध्ये सरोवरकाठी घर असणे ही अभिरुचीची खूण मानली जात होती. विंडरमिअरजवळचा रे कॅसल १८४० च्या दशकात बांधला गेला. रस्किनने १८७१ मध्ये कोनिस्टनकाठचे ब्रँटवुड न पाहताच विकत घेतले आणि सरोवर नीट दिसावे म्हणून त्याला बुरुजवजा खोली जोडली. तेथे पाणी हे प्रामुख्याने दृश्य आहे. खिडकी त्या दृश्याची चौकट. छत्तीसगढात तळे ही आधी उपयोगाची वस्तू. अंघोळ, गुरे, शेतीचे पाणी, मूर्तिविसर्जन, सारे तिच्यावर. संपन्न गावाची तळी ‘छै आगर छै कोरी’ म्हणजे सहा विसा आणि वर सहा, अशी मोजण्याची लोकरीत आहे. त्यामुळे राजनांदगावच्या राजवाड्याला ‘व्हिक्टोरियन’ म्हणायचे ते कालखंडापुरतेच. पाण्याकडे पाहण्याची दृष्टी येथे वेगळी होती.

राजा दिग्विजयदासांनी हा राजवाडा महाविद्यालयासाठी दिला. १९५७ मध्ये दिग्विजय महाविद्यालय सुरू झाले आणि १९५८ मध्ये गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे व्याख्याते म्हणून तेथे आले. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मात्र मराठीचे कवी, ‘क्षिप्रा’चे कर्ते. गजानन माधवांना राजवाड्याच्या मागील बाजूच्या वरच्या खोल्या राहावयास मिळाल्या. वर जायला चक्री जिना, खिडकीबाहेर तळे. १९६४ च्या आरंभी पक्षाघाताने त्यांना तेथून हलवावे लागले. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले. २००५ पासून या परिसरात त्यांचे, तसेच पदुमलाल पुन्नालाल बख्शी व बलदेव प्रसाद मिश्र यांचे स्मारक आहे.

येथे येणाऱ्याला तो जिना दाखवून सांगितले जाते की ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेतला जिना हाच. कवितेत शहराबाहेर, भग्नावशेषांकडे, एक परित्यक्त विहीर आहे. खोल पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत आणि पुढे उंच, काळोखा जिनाही आहे. साम्य मोहात पाडणारे आहे खरे. पण ही कविता १९५७ च्या एप्रिलमध्ये ‘कवि’ मासिकात छापून आली होती. तेव्हा कवी नागपुरात होता, ‘नया खून’ साप्ताहिकाचे काम करीत होता, आणि राजनांदगावची नोकरी पुढे होती. म्हणजे जिना कवितेत आधी आला, घर नंतर.

‘अँधेरे में’ची गोष्ट निराळी. तिची रचना १९५७ ते १९६२ अशी लांबली, नागपूर आणि राजनांदगाव या दोन्ही ठिकाणी झाली. तिच्यात काळोख्या खोल्यांतून कोणीतरी फेऱ्या घालते, भिंतीचा गिलावा गळून चेहरा उमटतो, आणि लगेच शहराबाहेर तळ्याच्या पाण्यात आकृती दिसू लागते. येथे राजवाड्याचा काही अंश मिसळला असेल. तथापि कवितेचा कणा आहे मध्यरात्रीची मिरवणूक. शहरातले प्रतिष्ठित लोक, साहित्यिकसुद्धा, सैन्यासह तीत चालतात, आणि ते पाहिले म्हणून निवेदकाचा पाठलाग होतो. या भयाचा उगम गिलाव्यात शोधणे व्यर्थ. राजवाड्यात राहत असतानाच, १९६२ मध्ये, मुक्तिबोधांचे ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक मध्य प्रदेश शासनाने बंदी घालून मागे घेतले होते. माझ्या मते कवितेच्या वाचनात या घटनेचे वजन जिन्यापेक्षा अधिक धरले पाहिजे. जिन्याने कविता ‘समजली’ असे मानले की मिरवणूक नजरेआड होते, आणि कविता एका गूढ वाड्याची कथा होऊन बसते.

राजवाड्याचा जाणता उपयोग शोधायचा तर तो ‘विपात्र’ या लघुकादंबरीत शोधावा. तेथे एक विद्याकेंद्र आहे, त्याचा प्रमुख आहे, आणि त्याच्या भोवती संध्याकाळी जमणारा सुशिक्षितांचा दरबार आहे. संस्थानिक गेले, दरबाराची सवय मात्र पगारी प्राध्यापकांनी उचलली, हे त्या लेखनातले निरीक्षण. नागपूरच्या शरच्चंद्रांनी मराठीत आणि राजनांदगावच्या गजानन माधवांनी हिंदीत मध्यमवर्गाची जी झाडाझडती घेतली, ती शेजारी ठेवून वाचण्याचे काम अजून पुरेसे झालेले नाही.