पशुविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण आणि बोकडाचा सौदा

आठवडे बाजारात बोकडाचा सौदा कसा होतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. व्यापारी आधी तोंड उघडून दात पाहतो. मग कमरेच्या हाडाजवळ पंजा दाबतो, मांडी चाचपतो, जनावराला दोन पावले चालवतो आणि मनात आकडा धरतो. त्यानंतर रुमालाखाली बोटे धरली जातात. या सगळ्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. हेच काम शिकण्यासाठी एखादा मुलगा बारावीनंतर साडेपाच वर्षे आणि पुढे आणखी दोन वर्षे कॉलेजात घालवतो, असे सांगितले तर बाजारात हशा पिकेल.

तसा तो पिकलेला आम्ही पाहिला आहे. पशुवैद्यक महाविद्यालयाचा एक विद्यार्थी टांगता काटा घेऊन बाजारात आला होता. एका बुजुर्ग व्यापाऱ्याने बोकडावर हात फिरवून वजन सांगितले. काट्यावर ते किलोभराच्या आतच निघाले. "बेटा, आता डिग्री तुला द्यायची का मला?" असे त्यांनी विचारले आणि सगळे हसले. मुलगाही हसला. मग त्याने विचारले, "चाचा, गेल्या वर्षी याच महिन्यात तुम्ही घेतलेल्या मालाचे सरासरी वजन किती होते? आणि कोणत्या गावच्या मालाला मटणाचा उतारा जास्त पडला?" चाचांनी दोन-तीन गावांची नावे घेतली, आकडा मात्र त्यांना सांगता आला नाही. कारण लिहिलेले काहीच नव्हते.

हाताची पारख आणि विद्यापीठाचे शिक्षण यांतला फरक एवढाच आहे, पण तो लहान नाही.

आपल्याकडे पशुवैद्यक म्हटले की सुई टोचणारा जनावरांचा डॉक्टर डोळ्यांसमोर येतो. उपचार हा त्या विद्येचा एक भाग झाला. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी घेतल्यावर विद्यार्थी एम.व्ही.एस्सी.ला जातो, तेव्हा त्याला एक शाखा निवडावी लागते. पशुधन उत्पादन व व्यवस्थापन, पशुपोषण, आनुवंशिकी व पैदास, कुक्कुटपालन, पशुजन्य पदार्थ तंत्रज्ञान या शाखांत औषधाची बाटली फारशी दिसत नाही. तेथे हिशेब असतो तो चाऱ्याचा, वजनाचा, वेताचा, मटणाचा आणि कातडीचा. म्हणजे तुमच्या-आमच्या धंद्याचाच.

दोन वर्षांतले पहिले वर्ष बहुतेक वर्गात जाते. त्यात संख्याशास्त्र शिकावेच लागते आणि पोरे त्यालाच सर्वांत जास्त घाबरतात. मग मार्गदर्शक प्राध्यापक आणि सल्लागार समिती यांच्यासमोर प्रबंधाचा आराखडा मांडायचा, जनावरांवरील प्रयोगासाठी संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी घ्यायची आणि प्रयोगाला लागायचे.

प्रयोग कसा असतो, याचा एक नेहमीचा नमुना घेऊ. उस्मानाबादी जातीची, तीन महिन्यांची, दूध तोडलेली अठरा करडे घेतली. (जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, शेळीचे नाव उस्मानाबादीच राहिले.) वजनाने सारखी पाहून चिठ्ठ्या टाकून त्यांचे सहा-सहाचे तीन गट पाडले. पहिला गट फक्त चरायला जाणार. दुसऱ्याला चरून आल्यावर मका भरडा आणि पेंडीचा खुराक. तिसरा पूर्ण गोठ्यात बांधलेला. चिठ्ठ्या टाकायच्या त्या अशासाठी, की विद्यार्थ्याचा हात नकळत चांगल्या करडाकडे जाऊ नये.

दर पंधरा दिवसांनी वजन घ्यायचे, तेही सकाळी, चारा-पाणी देण्याआधी. याचे कारण आपल्या लोकांना लगेच कळेल. मीठ चारून भरपूर पाणी पाजलेला बोकड काट्यावर काय करामत करतो, हे बाजारात कोणाला ठाऊक नाही? शेळीच्या पोटात चारा-पाण्याचा मोठा साठा राहतो आणि तो रोज कमी-जास्त होतो. ते वजन मांसाचे नव्हे. म्हणून एकच वेळ आणि एकच काटा हा नियम. रोज टाकलेला चारा मोजायचा आणि दुसऱ्या दिवशी उरलेलाही मोजायचा. शेवटी जनावराला पिशवी बांधून लेंड्याही गोळा करून तोलतात, म्हणजे खाल्लेल्यातले अंगी किती लागले ते कळते. तीन-चार महिने हे काम सुटीविना चालते. गावाकडे ईद असो की दिवाळी, विद्यार्थी गोठ्यावरच.

शेवटी आकडा निघतो तो असा : एक किलो वजन वाढायला किती चारा आणि किती खुराक लागला, आणि त्याचा खर्च किती. खुराक घातलेला बोकड लवकर वाढतो हे सर्वांना माहीत आहे. पण तो खुराक कोणत्या वजनापर्यंत परवडतो आणि कुठून पुढे तोट्यात जातो, हे हाताला कळत नाही. तेथे वही लागते. खस्सी केलेल्या बोकडाचेही तसेच. खस्सी न केलेला नर वजनाने भराभर वाढतो, पण त्याच्या मटणाला उग्र वास येऊ शकतो. खस्सीचा वेग कमी, चरबी जास्त आणि गिऱ्हाइकाची पसंती वेगळी. कोणता माल कोणत्या गिऱ्हाइकासाठी पाळायचा, हा निर्णय या आकड्यांवर घेता येतो.

मटणाच्या उताऱ्याबाबत मात्र एक सावधगिरी सांगायला हवी. कॉलेजच्या पत्रकात कधी शंभराला पन्नासच्या वर उतारा छापलेला दिसतो आणि आपले खाटीक बंधू म्हणतात, हे थापा मारतात. ती थाप नसते. काही संशोधक कापण्याआधीच्या जिवंत वजनावर उतारा काढतात, तर काही पोटातला चारा-पाणी वजा करून उरलेल्या वजनावर. दुसऱ्या पद्धतीने आकडा साहजिकच फुगतो. शिवाय मुंडी, पाय, कलेजी धरली की नाही हेही पाहावे लागते. बाजारातल्या भरल्या पोटाच्या वजनावर शेळीचा उतारा साधारण ४० ते ५० च्या दरम्यान पडतो. पत्रक हातात आले तर पहिला प्रश्न हाच विचारावा : कोणत्या वजनावर?

आता पैदाशीकडे वळू. पदव्युत्तर संशोधनाचा आपल्या मुलखातला एक ठळक दाखला फलटणचा आहे. दख्खनी मेंढी काटक, पण एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. उलट बंगालमधल्या सुंदरबनाची गरोल मेंढी अंगाने अगदी लहान, पण जुळी, कधी तिळी देणारी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० नंतरच्या दशकात गरोल मेंढ्या आणून दख्खनीशी संकर सुरू केला. हेतू असा, की गरोलचा फक्त जुळ्यांचा गुण घ्यायचा आणि अंगकाठी दख्खनीचीच ठेवायची.

यात अडचण होती नराची. जुळे होण्याचा गुण मेंढ्याच्या अंगावर दिसत नाही. तो गुण त्याच्यात आहे की नाही हे कळायला त्याच्या मुली मोठ्या होऊन विण्याची वाट पाहावी लागे, म्हणजे वर्षे जात. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांतही हाच गुण आहे आणि तो तेथे अठराव्या शतकाच्या अखेरीस नेलेल्या बंगाली मेंढ्यांतून गेला असावा, असे मानले जाते. या गुणामागचा जनुकातला बदल नेमका कोणता, हे २००१ साली सापडले. त्यानंतर रक्ताच्या थेंबावरून कोवळ्या कोकराचीही परीक्षा होऊ लागली. या कामात पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातले संशोधक सहभागी होते. फलटणच्या डॉ. चंदा निंबकर यांनी आर्मिडेलच्या न्यू इंग्लंड विद्यापीठात पीएच.डी. केली ती याच दख्खनी मेंढीच्या सुधारणेवर. म्हणजे पदवी परदेशातली, पण प्रश्न आपल्या धनगरवाड्यावरचा.

या कामातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. हा गुण आईकडून किंवा बापाकडून, असा एकदाच आलेल्या मेंढ्या धनगरांच्या कळपांत दोघींमागे जवळपास एक कोकरू जास्त देतात असे आढळले. दोन्हींकडून आला तर कोकरांची संख्या आणखी वाढते, पण त्यांना पुरेल एवढे दूध आईला नसते आणि कोकरे मरतात. म्हणून युक्ती अशी केली, की दुहेरी गुणाचा नर साध्या दख्खनी कळपात सोडायचा. त्याच्या प्रत्येक मुलीत तो गुण एकदाच उतरतो. इतका हिशेबी विचार केवळ नजरेच्या पारखीतून निघणे कठीण, आणि केवळ प्रयोगशाळेतूनही निघाला नसता. धनगरांनी आपले कळप नोंदीसाठी उघडे केले म्हणून तो तडीस गेला.

पशुजन्य पदार्थ तंत्रज्ञान ही शाखा तर थेट आपल्या दुकानापर्यंत येते. जनावर कापल्यावर मांसात काय घडते, हे तेथे शिकतात. दूरच्या प्रवासाने, उपासाने, दाटीवाटीने थकलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपलेली असते. ती शिल्लक असेल तर कापल्यानंतर तिचे आम्ल बनते आणि मांस टिकते. नसेल तर मांस गडद, चिकट राहते आणि लवकर खराब होते. ट्रकमधून उतरवल्याबरोबर कापण्याऐवजी जनावराला पाणी आणि विश्रांती द्या, असे सांगतात त्यामागचे हे कारण आहे. त्यात दयाही आहे आणि नफाही. मुंबईत परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचे, देवनारचा कत्तलखाना १९७१ सालचा. दोन्ही एकाच शहरात असणे ही या विद्यार्थ्यांची मोठी सोय आहे.

कातडीबद्दल थोडेच सांगतो. सोलताना सुरीचा काप बसला, मीठ लावायला उशीर झाला किंवा काटेरी तारेचे ओरखडे असले, की चामड्याची प्रत घसरते. चर्मोद्योगातले आपले बांधव हे रोज भोगतात. पण त्यातला बराचसा तोटा गोठ्यातच, जिवंत जनावराच्या गोचिडांनी आणि खरजेने झालेला असतो. तो शोधणे हा एम.व्ही.एस्सी.च्या मुलाचा विषय होऊ शकतो.

खोट आहे ती अशी. कॉलेजचा कळप लहान असतो. सहा-सहाच्या गटातले एक करडू फुफ्फुसदाहाने गेले, की निष्कर्ष लंगडा पडतो. दुसरीकडे आपल्या बाजारांतून एका दिवसात शेकडो जनावरे जातात, पण त्यांची जन्मतारीख नाही, आईबाप नाही, वजनाची नोंद नाही. दात घ्या. सव्वा वर्षाच्या मागेपुढे दोन कायमचे दात येतात, पण जातीप्रमाणे आणि पोषणाप्रमाणे यात महिन्यांचा फरक पडतो. जन्मतारीख कॉलेजकडे आहे, तोंडे आपल्याकडे आहेत. कुर्बानीच्या जनावराचे वय नीट पाहायचे असते तेव्हा हा फरक किती महत्त्वाचा ठरतो, हे वेगळे सांगायला नको. तरी विद्यार्थी बाजारात आला की आपण त्याला पालिकेचा माणूस समजून पाठ फिरवतो. आणि खरे बोलायचे तर काही विद्यार्थीही प्रबंध बांधून होईपर्यंत एकही बाजार पाहत नाहीत.

२०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैल-वळूंचा व्यवहार बंद झाला आणि बराच धंदा शेळी-मेंढी, म्हैसवर्ग आणि कोंबडीवर आला. माल कमी, खरेदीदार जास्त, अशी स्थिती असताना चांगले करडू कोणाकडे आणि कोणत्या खर्चात तयार होते, हे ज्याला कळेल त्याचा धंदा टिकेल. तरीही खाटीक-कुरेशी, मुलाणी घरांतली हुशार मुले दहावीला दुकान धरतात, नाहीतर धंद्याची लाज वाटून दुसरीकडे जातात. ज्यांच्या हातात पारख आहे तेच या वर्गात कमी दिसतात, ही आमची खरी तक्रार आहे. ती कॉलेजांबद्दल नाही, स्वतःबद्दल आहे. आणि मुलींनाही ही वाट मोकळी आहे. पोषण किंवा मांस तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत बाजारातल्या धक्काबुक्कीचा प्रश्न येत नाही.

वाट अशी आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. त्यानंतर 'नीट' परीक्षा. तिच्या गुणांवर नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना २०००) महाविद्यालयांत प्रवेश मिळतो. अशी महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इत्यादी ठिकाणी आहेत. साडेपाच वर्षांत शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. एम.व्ही.एस्सी.साठी याच महाविद्यालयांबरोबर अकोल्याची पदव्युत्तर संस्थाही आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेतून परराज्यांतही जाता येते. शेळीसाठी मथुरेजवळ मखदूम, मेंढीसाठी राजस्थानात अविकानगर आणि मांसासाठी हैदराबाद येथे केंद्र सरकारच्या संशोधन संस्था आहेत.

'नीट' जमली नाही तर कृषी पदवीनंतर राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठांत पशुसंवर्धन व दुग्धशास्त्राचा विषय आहे. मात्र एक गोष्ट मुलाला आधीच सांगून ठेवा : १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा हक्क नोंदणीकृत पशुवैद्यकालाच असतो. कृषी पदवीधराला गोठा चालवता येईल, खुराक ठरवता येईल, संशोधन करता येईल, पण दवाखाना उघडता येणार नाही. दोन्ही वाटा सारख्याच समजून पुढे पस्तावलेली घरे आम्हाला माहीत आहेत, म्हणून अकरावीचा अर्ज भरतानाच ही चौकशी करावी.