टीव्हीवरील चित्राचा आकार बिघडतो तो कां, व तो कसा सुधारावा

शेतकी व्याख्यानें, कृषि विद्यापीठांचीं प्रात्यक्षिकें, विक्रीस काढलेल्या जनावरांच्या चित्रफिती वगैरे मोबाईलवरून किंवा पेनड्राइव्हवरून घरच्या टीव्हीवर लावून चारचौघांनीं एकत्र पाहण्याचा प्रघात आतां गांवोगांव पडला आहे. प्रघात चांगला आहे. एका लहानशा मोबाईलभोंवतीं दहा डोकीं जमविण्यापेक्षां तो केव्हांही बरा. परंतु पुष्कळ घरीं असें आढळतें कीं, पडद्यावर माणसें बुटकीं व फुगलेलीं दिसतात, क्वचित् काठीसारखीं उंच व रोड होतात, कोणाच्या डोक्यावरचा फेटा वरच्या कडेला कापला जातो, तर कांहीं वेळां सबंध शेतच कुशीवर निजल्याप्रमाणें आडवें होतें. करमणुकीच्या बोलपटांत एवढ्यानें फारसें अडत नाहीं. जेथें चित्र पाहून व्यवहार ठरवावयाचा, तेथें मात्र हा दोष खिशास लागतो.

दुभत्या म्हशीचीच चित्रफीत घ्या. जुन्या धर्तीची, म्हणजे रुंदी ४ तर उंची ३ अशा प्रमाणाची चित्रफीत टीव्हीनें आपल्या १६:९ च्या रुंद पडद्यावर कडेपर्यंत ताणून बसविली, तर उंची होती तेवढीच राहून प्रत्येक आडवें माप एकतृतीयांशानें वाढतें. पांच फूट लांबीचें अंग सहा फूट आठ इंचांचें दिसूं लागतें. मागून पाहिलें तर पुठ्ठे रुंद व कांस भरदार दिसते; आणि म्हैस घेणारा कांसेकडे पाहूनच भाव बोलतो हें सांगावयास नको. पंढरपुरी म्हशीचें तोंड लांबट व अरुंद असतें, खिल्लार बैलाचें अंग सडपातळ व कसलेलें असतें. ताणलेल्या चित्रांत ह्या जातीच्या खुणाच पुसल्या जातात. भुईमुगाच्या पानावरील टिक्क्याचे वाटोळे ठिपके अंडाकृति होतात. विकणारानें लबाडी केलेली नसते. घेणाराच्याच घरचा टीव्ही त्यास फसवीत असतो. शिवाय डोळा अशा चित्रास पांचदहा मिनिटांत सरावतो व मग कांहीं चुकतें आहे असें वाटेनासें होतें. ह्याच कारणास्तव आम्हीं हा विषय थोडा विस्तारानें घेतला आहे.

दुसरें नुकसान कापण्याचें. चित्र न ताणतां पडदा भरावा म्हणून कित्येक टीव्ही तें मोठें करतात. त्यास बहुधा 'झूम' म्हणतात. ४:३ चें चित्र असें मोठें केलें म्हणजे वरचा आठवा हिस्सा व खालचा आठवा हिस्सा पडद्याबाहेर जातो. फवारणीच्या चित्रफितींत औषधाचें प्रमाण, दहा लिटर पाण्यास किती मिलिलिटर तें, बहुधा खालच्या कडेलाच अक्षरांनीं दिलेलें असतें. तेंच नेमकें कापलें गेलें तर बाकीचें प्रात्यक्षिक पाहून उपयोग काय?

आतां हीं निरनिराळीं प्रमाणें आलीं कोठून? चलच्चित्राची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म एडिसन ह्यांच्या प्रयोगशाळेंत डिक्सन ह्यांनीं १८९२ च्या सुमारास ठरविली, तेव्हां चित्राचें प्रमाण ४:३ धरलें गेलें. पुढें टीव्ही निघाला त्यानेंही तेंच उचललें. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तेव्हांपासून पुढें कित्येक वर्षें आपल्याकडील घरोघरचे संच ह्याच आकाराचे होते. मध्यंतरीं, घरच्या टीव्हीमुळें ओस पडूं लागलेलीं थिएटरें भरण्यासाठीं अमेरिकन सिनेमावाल्यांनीं १९५३ सालीं सिनेमास्कोप नांवाचा फार रुंद पडदा आणला. हिंदींत गुरुदत्त ह्यांचा 'कागज़ के फूल' १९५९ सालीं त्या पद्धतीनें निघाला. १६:९ हें प्रमाण ह्या अरुंद व रुंद दोन टोकांच्या मधलें म्हणून मागाहून पसंत करण्यांत आलें, व आजचे झाडून सारे संच त्याच आकाराचे आहेत. त्यांत मोबाईल आला आणि लोक तो उभा धरून चित्रें घेऊं लागले, तेव्हां प्रमाण उलटें होऊन ९:१६ झालें. तात्पर्य, चौकट एक आणि तींत बसवावयाचीं चित्रें चार तऱ्हांचीं.

चौकटींत न मावणारें चित्र प्रामाणिकपणें दाखवावयाचें तर कोठें तरी कांच रिकामी राहणारच. ३२ इंची टीव्हीची रुंदी सुमारें २८ इंच व उंची पावणेसोळा इंच असते. ४:३ चें चित्र तींत २१ इंच रुंदीचें बसतें व दोन्ही बाजूंस साडेतीन-साडेतीन इंच काळी पट्टी राहते. उभ्या मोबाईलचें चित्र तर पडद्याच्या एकतृतीयांशाहूनही थोडी कमी रुंदी व्यापतें. रुंद सिनेमांत काळी पट्टी वर व खालीं येते. हा दोष नव्हे. पैसे साऱ्या कांचेचे दिले, मग चित्र पाऊण कांचेवरच कां, असें म्हणून रिमोटचें बटण दाबीत बसणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत, व निम्मे दोष त्यांच्याच हातून उत्पन्न होतात असें आमचें मत आहे. पेरणीयोग्य नसलेला खडक नांगरला म्हणून त्याची जमीन होत नाहीं.

खरा दोष कसा होतो हें समजण्यास फाईलची रचना थोडी माहीत असावी. फाईलमध्यें चित्राचे आडवे व उभे ठिपके, ज्यांस पिक्सेल म्हणतात, त्यांची संख्या असते. आणि त्याखेरीज हें चित्र कोणत्या प्रमाणांत दाखवावें अशी एक वेगळी टीप असते. आपल्याकडील जुन्या पद्धतीच्या डीव्हीडींत आडवे ७२० व उभे ५७६ ठिपके असत. ह्याचें गणित केलें तर ५:४ येतें; तें ४:३ ही नाहीं आणि १६:९ ही नाहीं. दोन्ही प्रकारचीं चित्रें त्याच ७२० बाय ५७६ मध्यें भरलेलीं असत, व कोणतें कसें पसरावयाचें हें केवळ त्या टिपेवरून कळे. उताऱ्यावर नुसता आंकडा आहे, पण तो एकराचा कीं हेक्टराचा हें लिहिलेलें नाहीं, अशांतलाच हा प्रकार. डीव्हीडीची नक्कल करतांना टीप गळली, किंवा टीव्हीनें ती वाचलीच नाहीं, कीं चित्र बिघडलें. मोबाईलच्या चित्रफितींत आणखी एक टीप असते: चित्र किती वळवून दाखवावें ती. पुष्कळ जुने टीव्ही ही टीप वाचीत नाहींत, म्हणून तुमच्या मोबाईलवर सरळ दिसणारें पीक टीव्हीवर आडवें पडतें.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं चित्र खरोखर बिघडलें आहे कीं नाहीं हें ठरवावें. त्यास वाटोळ्या वस्तूसारखें साधन नाहीं. चित्रांत गाडीचें चाक, परात, घमेल्याची कड, मोटारीचें चाक, जें काय असेल तें पाहावें. चित्र थांबवावें, आणि दोरीनें कांचेवर त्याची आडवी व उभी लांबी मोजावी. दोन्ही सारख्या भरल्या तर चित्र ठीक. मात्र ती वस्तु अगदीं समोरून दिसत असली पाहिजे. तिरपें दिसणारें चाक मुळांतच लंबगोल असतें, त्यावरून टीव्हीस दोष देऊं नये. तसेंच मोबाईल जनावराच्या अगदीं तोंडाशीं नेऊन चित्र घेतलें तर डोकें मोठें व मागचें अंग लहान दिसतें. तो भिंगाचा व अंतराचा परिणाम आहे, प्रमाणाचा नव्हे, व तो टीव्हीच्या कोणत्याही बटणानें जाणार नाहीं.

चित्र बिघडलें आहे अशी खात्री झाल्यावर पुढचा प्रश्न, तें बिघडविलें कोणीं? चित्र पडद्यावर येईपर्यंत तीन हातांतून जातें: फाईल, ती चालविणारें साधन, आणि टीव्ही. तीच फाईल मोबाईलवर किंवा संगणकावर लावून पाहावी. तेथेंही चाक लंबगोल असेल तर दोष फाईलमध्यें. तेथें वाटोळें असून टीव्हीवरच लंबगोल होत असेल तर दोष टीव्हीत किंवा मधल्या साधनांत. मग त्याच टीव्हीवर दुसऱ्या वाटेनें आलेलें चित्र पाहावें. पेनड्राइव्हवरचें बिघडतें व सेट-टॉप बॉक्सचें ठीक येतें, असें पुष्कळदां दिसतें. कारण कित्येक संचांत प्रत्येक जोडणीचें प्रमाण निरनिराळें लक्षांत ठेवलेलें असतें. एका वाटेवर केलेली दुरुस्ती दुसऱ्या वाटेस लागू होईलच असें नाहीं. जेथें बिघाड तेथेंच दुरुस्ती, हा नियम येथें कसोशीनें पाळावा. बॉक्सनें रुंद केलेलें चित्र टीव्हीकडून अरुंद करून घेतलें, तर आज तें बरें दिसेल. परंतु उद्यां दुसरी फाईल लावली कीं ती बिघडेल, आणि मग दोष कोठें आहे हें कोणासच उमगणार नाहीं.

टीव्हीमधील दुरुस्ती सोपी आहे. रिमोटवरील सेटिंग्जमध्यें चित्राच्या सदरांत हें प्रमाण असतें. एलजीच्या संचांत त्यास 'आस्पेक्ट रेशो', सॅमसंगमध्यें 'पिक्चर साइझ', सोनीमध्यें 'वाइड मोड' म्हणतात. घडणीप्रमाणें नांवांत थोडा फरक पडतो. तेथें 'ओरिजिनल', 'नॉर्मल', '१६:९' असे पर्याय असतात. 'झूम', 'वाइड', 'स्ट्रेच' ह्या नांवांचे पर्याय सोडून द्यावे. ४:३ चें चित्र ताणलें जात असेल तर 'ओरिजिनल' किंवा '४:३' निवडावें. चित्राचें प्रमाण बरोबर असून चारी कडा मात्र थोड्या थोड्या कापल्या जात असतील, तर ती जुन्या नळीच्या टीव्हीच्या काळची राहून गेलेली संवय आहे. त्या काळीं कडेचें चित्र ओबडधोबड येई म्हणून तें मुद्दाम चौकटीखालीं दडवीत. आतां त्याचें प्रयोजन उरलें नाहीं. 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा 'फुल पिक्सेल' अशा नांवाचा पर्याय निवडला कीं कडा परत येतात.

एका प्रसंगीं मात्र 'झूम' हाच खरा उपाय आहे. जुन्या ४:३ च्या काळीं रुंद चित्रपटास वर-खालीं काळ्या पट्ट्या चित्रांतच भरून तो दाखवीत. अशी फाईल आज लावली कीं टीव्ही बाजूच्या दोन पट्ट्या आपल्या पदरच्या घालतो, आणि चारी बाजूंनीं काळें कुंपण व मध्यें टपालाच्या तिकिटाएवढें चित्र राहतें. येथें 'झूम' केल्यानें फक्त काळें जातें, चित्राचें कांहीं कापलें जात नाहीं.

सेट-टॉप बॉक्स किंवा डीव्हीडीचें यंत्र ह्यांच्याही पोटांत टीव्हीचा आकार विचारलेला असतो. तेथें ४:३ राहून गेलें असेल तर १६:९ करावें. लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारेनें जोडलेल्या जुन्या बॉक्सांत हा घोटाळा विशेष. जमेल तर एचडीएमआयची तार वापरावी. मोबाईलचा पडदाच टीव्हीवर उमटविला असेल तर मोबाईल आडवा करावा; तरीही वर-खालीं बारीक काळी पट्टी राहील, कारण हल्लींच्या मोबाईलचा पडदा १६:९ हूनही लांबट असतो.

फाईलच बिघडलेली असेल तर दोन प्रकार संभवतात. चित्र ठीक असून केवळ टीप चुकली असेल, तर संगणकावरील व्हीएलसी ह्या फुकट मिळणाऱ्या साधनांत इंग्रजी 'ए' चें बटण दाबीत गेलें कीं निरनिराळीं प्रमाणें आळीपाळीनें लागतात. चाक वाटोळें झालें तेथें थांबावें. ही तात्पुरती सोय झाली. टीप कायमची सुधारावयाची तर एफएफएमपेग किंवा एमकेव्हीटूलनिक्स ह्या साधनांनीं मूळ चित्रास हात न लावतां ती पालटतां येते; घरांतील शिकत्या मुलास हें काम सांगावें, व मूळ फाईलची एक प्रत आधीं बाजूस काढून ठेवावी. दुसरा प्रकार अधिक वाईट. कोणीं तरी ताणलेलें, कापलेलें किंवा बाजूंस धूसर नक्षी भरलेलें चित्रच नव्यानें साठवून पुढें पाठविलेलें असतें. ताणलेलें पुष्कळ अंशीं परत दाबतां येतें, पण कापलेला भाग कोणत्याही उपायानें परत येत नाहीं. तेथें पाठविणाराकडून मूळ फाईलच मागवावी, व ती व्हॉट्सअॅपवर नेहमींच्या चित्रफितीसारखी न पाठवितां 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविण्यास सांगावें. म्हणजे ती जशीच्या तशी येते.

चित्र आडवें पडण्याविषयीं एक गोष्ट विशेषेंकरून शेतकऱ्यांच्या कामाची आहे. रोपें, वाफे किंवा जमिनीवरील कीड दाखविण्यास आपण मोबाईल थेट खालीं रोखतों. अशा वेळीं तो उभा धरला आहे कीं आडवा हें मोबाईलच्या आंतील यंत्रास कळत नाहीं, व वळविण्याची टीप चुकीची पडते. म्हणून मोबाईल आधीं समोर आडवा धरून चित्रण सुरू करावें आणि मग सावकाश खालीं वळवावा. सुरुवातीस जी टीप पडली तीच शेवटपर्यंत राहते.

जनावर विकत घेणारानें चित्रफीत मागवितांना इतकें कळवावें: मोबाईल आडवा धरावा, जनावर बाजूनें व मागून असें दोन्हीकडून दहा-बारा पावलांवरून घ्यावें, आणि त्याच्या पायाशीं एक परात किंवा घमेलें तोंड मोबाईलकडे करून उभें टेकवून ठेवावें. चित्रफीत आल्यावर टीव्हीवर प्रथम ती परात मोजावी, मग म्हैस पाहावी.