टोपाच्या आतली गादी

परभणीत १९ फेब्रुवारीच्या शिवजयंती मिरवणुकीसाठी फायबरचा शिरस्त्राणासारखा टोप आणला, की सगळं लक्ष बाहेरच्या रंगाकडे जातं. त्रास मात्र आतून होतो. दीड किलोचा टोप १० चौरस सेंटिमीटरवर टेकला, तर दर चौरस सेंटिमीटरवर १५० ग्रॅम भार येतो. तोच १५० चौरस सेंटिमीटरवर पसरवला, तर फक्त १० ग्रॅम! कपाळावर वळ उठतो तो या फरकामुळे.

भार पसरवायला आत गादी हवी, पण सोफ्याचा स्पंज नको. तो घाम पितो आणि दबून जातो. योगा मॅटचा बंद छिद्रांचा फोम उत्तम. त्याचे तुकडे कपाळ, कानशिलं आणि मानेजवळ टोपाच्या आत वेलक्रोने लावा, म्हणजे काढून पुसता येतात. तुकड्यांमध्ये बोटभर फट हवीच, नाहीतर गरम हवा आत कोंडते. टोप पुढे झुकत असेल, तर मागच्या बाजूला थोडं वजन बांधा आणि हनुवटीला पट्टा लावा. आत थर्माकोल असेल, तर सॉल्व्हंटचा गोंद टाळा, तो थर्माकोल विरघळवतो.

आणि हा टोप घालून दुचाकी मुळीच चालवू नका. तिथे आयएस ४१५१ मानकाचंच हेल्मेट हवं.